आधीच्या घरमालकाचा फोन नंबर

घर भाड्यानं द्यायचंय असं एजंटला सांगितलं की त्याचे प्रश्न ठरलेले. "मॅडम, फॅमिली की बॅचलर?" मग "व्हेज की नॉनव्हेज?" आणि तिसरा प्रश्न जरा आवाज खाली घेऊन, आडनावाबद्दल. "चालेल ना तुम्हाला? नाहीतर मी आधीच सांगतो त्यांना." समोरचा माणूस भाडं वेळेवर देणारा आहे का, हे त्याच्या यादीत नसतं. असण्याचं कारणही नाही. त्याला दोन्हीकडून एकेक महिन्याचं भाडं ब्रोकरेज मिळतं, तेही करार झाला की लगेच. पुढचे महिने माझे.

कर्वेनगरात आमचा एक टू बीएचके आहे, सासऱ्यांनी घेतलेला. तो भाड्यानं देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बँकेत कर्ज विभागात होते आणि 'माणसं ओळखायची हिला सवय आहे' असा घरात समज आहे. खरं तर कर्ज विभागात माणसं ओळखायला शिकवत नाहीत, नोंदी वाचायला शिकवतात. भाडेकरू निवडताना मला तेच उपयोगी पडलं. मला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: हा माणूस दर महिन्याला पैसे देईल का, आणि मुदत संपल्यावर किल्ली परत देईल का.

दुसऱ्या प्रश्नाची भीती महाराष्ट्रातल्या घरमालकाच्या हाडात मुरलेली आहे, आणि ती उगाच नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीला बांधून टाकली. त्यातून सुटका म्हणून लोक 'लिव्ह अँड लायसन्स'वर जागा देऊ लागले. मग १९७३मध्ये दुरुस्ती आली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवान्यावर राहत होते, ते एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाले. त्यानंतर कित्येकांनी रिकामी घरं कुलूप लावून ठेवली. सासरे तर म्हणायचे, "भाडं नको, कुलूप परवडलं."

आज परिस्थिती वेगळी आहे. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपली की जागा सोडावी लागते. नाही सोडली तर दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते आणि मालकाला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं न बसता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथं लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो. पण त्याच कायद्याचं कलम ५५ मालकाला नीट वाचवत नाही. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून "काकू, नुसतं नोटरी करून टाकू, कशाला खर्च" असं कुणी म्हणालं की मी चहा देते आणि विषय संपवते. खर्च तरी असा किती? बावीस हजार भाडं, साठ हजार डिपॉझिट, अकरा महिने, असा हिशेब धरला तर पाव टक्क्यानं मुद्रांक शुल्क सहाशे-सातशेच्या घरात जातं आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. एवढ्यासाठी जो कुरकुरतो, त्याला पैशांची नाही, कागदावर नाव येण्याची अडचण असते.

चौकशी सुरू होते ती पहिल्या फोनवर. मी भाडं सांगायच्या आधी विचारते: सध्या कुठे राहता, तिथून का निघताय, कधीपासून हवंय? "का निघताय" याचं उत्तर ऐकण्यासारखं असतं. ऑफिस हिंजवडीवरून खराडीला गेलं म्हणून निघणारा माणूस कर्वेनगरला कशाला येईल, हे मला विचारावंच लागतं. "मालकाचा मुलगा परत येतोय" हे उत्तर इतक्यांदा येतं की पुण्यातल्या सगळ्या घरमालकांचे मुलगे अमेरिकेतून एकदम उतरले असावेत. आज रात्रीच सामान आणतो म्हणणारा आणि सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो म्हणणारा, या दोघांशी मी जास्त हळू बोलते.

एक प्रकार तर ऑनलाइन जाहिरात टाकली की हमखास येतो. "मी आर्मीत आहे, पुण्याला बदली झालीय, घर न बघताच घेतो, डिपॉझिट आत्ता पाठवतो." सोबत ओळखपत्राचा फोटो, गणवेशातला फोटो. मग एक क्यूआर कोड येतो: "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील." पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. शेजारच्या इमारतीतल्या एका निवृत्त मास्तरांचे असेच गेले, तेही गणवेशाचा मान ठेवण्याच्या नादात.

घर दाखवताना मी फारसं बोलत नाही, ते काय बघतात ते बघते. खरोखर राहायला येणारा माणूस ओट्याजवळ जातो आणि नळ सोडून बघतो. पाणी किती वाजता येतं, टाकीचं की थेट, मोबाइलला रेंज कुठल्या खोलीत येते, वॉशिंग मशीनचा पॉइंट कुठंय, असलं विचारतो. एकदा दोन नर्स मुली आल्या होत्या. त्यांनी बेडरूमच्या खिडकीला पडद्याचा रॉड आहे का, तो किती जाड पडदा पेलेल, हे आधी बघितलं. नाइट ड्यूटी करून दिवसा झोपायचं असणाऱ्यांचा तो प्रश्न. त्याच आठवड्यात एक गृहस्थ दारातूनच "फायनल, फायनल" करत आत शिरले आणि बाथरूमचा दिवाही न लावता टोकनचे पाच हजार काढू लागले. ज्याला घर बघायचंच नाही, त्याला घराव्यतिरिक्त काहीतरी हवं असतं.

आता कागद. आधार आणि पॅन सगळेच घेतात, आणि बहुतेक मालकांच्या मते तिथंच चौकशी संपते. आधारवरचा क्यूआर कोड अ‍ॅपवर स्कॅन करून नाव आणि फोटो जुळतो का ते बघावं, एवढंच त्याचं काम. प्रत हवीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार पुरतं. पण आपल्याकडे एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर शेकडो लोकांची आधार कार्डं पडून असतात, त्यांच्या मुलाबाळांच्या फोटोंच्या शेजारी. कुणाला त्याचं काही वाटत नाही, आणि मग आपण ऑनलाइन फसवणुकीबद्दल बोलत बसतो.

पगाराची स्लिप मी मागतच नाही. ती एक्सेलवर अर्ध्या तासात बनते. मी म्हणते, "बँकेच्या अ‍ॅपवर मागचे सहा महिने तुम्हीच उघडा, मी नुसतं बघते. प्रत नको." त्यात मला दोन ओळी शोधायच्या असतात: पगार कितीला जमा झाला आणि भाडं कितीला गेलं. ज्याचा पगार ३० तारखेला येतो आणि भाडं १ ते ५ मध्ये त्याच नावानं दर महिन्याला जातं, त्याच्याबद्दल आणखी फार विचारायचं राहत नाही. भाडं कधी ४ तारखेला, कधी १९ला, कधी दोन तुकड्यांत जात असेल तर मी कारण विचारते. कारणं खरी असू शकतात, आईचं ऑपरेशन असू शकतं. ते सांगताना माणूस गडबडतो की सरळ सांगतो, एवढंच बघायचं. याच ओळींतून आणखी एक गोष्ट मिळते: आधीच्या मालकाचं नाव. ते त्यानं तोंडी दिलेल्या नावाशी जुळायला हवं.

आणि मग तो फोन, जो या सगळ्या प्रकारात सर्वांत मोलाचा आणि जो कुणीच करत नाही. भिडेखातर करत नाहीत. "कुणाच्या पाठीमागे असं विचारायचं बरं दिसत नाही" म्हणणारे तेच लोक भावी भाडेकरूला त्याच्या तोंडावर विचारतात, "लग्नाला चार वर्षं झाली ना, मग?"

दिलेला नंबर खऱ्या मालकाचाच आहे का, हे आधी बघावं लागतं. मित्राला मालक करणं सोपं आहे. माझी पद्धत साधी आहे. "नमस्कार, तुमचा तो सिंहगड रोडचा फ्लॅट ना?" असं मी मुद्दाम चुकीचं विचारते. खरा मालक लगेच दुरुस्त करतो: "सिंहगड रोड कुठला, वारज्यात आहे आमचा." मित्र असेल तर "हो हो, तोच" म्हणतो. भाडं किती होतं हेही मी सांगत नाही, विचारते.

यातही एक मेख आहे. सध्याच्या मालकाला भाडेकरू नकोसा झाला असेल तर तो त्याची तोंडभरून स्तुती करतो, कारण ब्याद माझ्या गळ्यात पडली की तो सुटला. म्हणून मी त्याच्याही आधीचा मालक शोधते. त्याला आता काहीच मिळवायचं नसतं. अशाच एका आधीच्या मालकांशी झालेलं बोलणं मला अजून आठवतं.

"भाडं वेळेवर यायचं?"

"यायचं. नाही म्हणता येणार नाही."

"सोडताना डिपॉझिटमधून काही कापलंत?"

"रंगाचे कापले. आणि साफसफाईचे. आणि नळ बदलले त्याचे."

"किती वर्षं राहिले?"

"अकरा महिने."

अकरा महिन्यांत अख्ख्या घराचा रंग जातो आणि नळही जातात, हे ऐकून मला भाडेकरूबद्दल कमी आणि मालकाबद्दल जास्त कळलं. ते कुटुंब मी ठेवून घेतलं. पुण्यात डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणं हा काही घरमालकांचा जोडधंदा आहे, तेव्हा 'कापलं' या शब्दावर भाडेकरूला नापास करू नये. शेवटचा प्रश्न मात्र मी कधी सोडत नाही: "तुमचं घर परत रिकामं झालं तर यांनाच द्याल?" उत्तर काय येतं यापेक्षा ते किती लवकर येतं याकडे माझं लक्ष असतं.

पोलीस व्हेरिफिकेशनला लोक चारित्र्याचा दाखला समजतात. ते तसं नाही. पोलीस आयुक्तांचा आदेश असतो की भाडेकरूची माहिती ठाण्याला द्या, न देणाऱ्यावर पूर्वी कलम १८८ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं २२३. तुम्ही ऑनलाइन फॉर्म भरता, पावती निघते. त्यात भाडेकरूला ओळखणाऱ्या दोघांची नावं आणि फोन भरायची जागा असते. तिथं पहिली पायरी म्हणून मीच ते दोन फोन करते, कारण भरताना बहुतेक जण ऑफिसातल्या शेजारच्या खुर्चीवरच्याचं नाव घालतात आणि त्याला सांगतसुद्धा नाहीत.

मग सोसायटी. आमच्या सेक्रेटरींची स्वतंत्र मुलाखत असते. त्यात पगाराची, बँकेची चौकशी नसते. रात्री किती वाजता येणार, पाहुणे किती, मुली असतील तर "कोण कोण भेटायला येतं" हे असतं. भाडेकरू ठेवल्याची माहिती आणि कराराची प्रत सोसायटीला देणं माझं काम, ते मी करते. बिगर-भोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही, हा २००१चा सरकारी आदेश त्यांना मी दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं दाखवते. त्या दोन नर्स मुलींच्या वेळी त्यांनी "बॅचलर नकोत असं ठरलंय" म्हणून सांगितलं. कुठल्या सभेत ठरलं, ठराव दाखवा, म्हटलं. ठराव नव्हता. मुली तीन वर्षं राहिल्या. त्याच मजल्यावर 'चांगल्या घरातली फॅमिली' म्हणून वाजतगाजत आणलेले लोक महावितरणची दोन बिलं आणि गॅसचं एक बिल तसंच ठेवून गेले, आणि त्यांच्या मालकाला त्याबद्दल बोलायचं नसतं.

आडनावाचं मी काय करते? एजंटनं आवाज खाली घेतला की मी तेवढ्याच मोठ्यानं विचारते, "पगार कुठल्या बँकेत जमा होतो?" याला तत्त्व म्हणा किंवा धंदा. मला ज्यानं खरोखर त्रास दिला त्याचं आडनाव आमच्याच आळीतलं होतं आणि त्याच्या घरी रोज संध्याकाळी शुभंकरोती व्हायचं.

नोंदणीच्या दिवशी एजंटचा मुलगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. डायनिंग टेबलवर सगळं मांडतो. साक्षीदार म्हणून मागच्या बिल्डिंगमधले काका असतातच, त्यांचा अंगठा पहिल्या झटक्यात लागतो आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. नर्स मुलींपैकी एकीचा अंगठा काही केल्या लागेना. दिवसभर हात धुऊन आणि सॅनिटायझर लावून रेषा पुसट झालेल्या. मुलानं फडक्यानं काच पुसली, तिच्या अंगठ्याला घरातली क्रीम लावली, पुन्हा पुसली, मग तर्जनी घेतली. पंधरा-वीस मिनिटं आम्ही सगळे तिच्या बोटाकडे बघत होतो. त्या वेळात मी यादी पुरी केली: पंखे चार, गीझर एक, ट्यूबलाइट पाच, मीटरच्या आकड्याचा फोटो, भिंतींचे फोटो, आणि सिंकखालच्या त्या जुन्या डागाचाही. दोघींनाही ते फोटो पाठवले. मालक म्हणून मी त्यांची चौकशी केली तशी त्यांनीही माझी करावी, म्हणून मिळकतकराची पावती आणि घराचं इंडेक्स टू मी न मागता टेबलवर ठेवते. बहुतेक जण लाजून ते बघतही नाहीत. या दोघींपैकी मोठीनं दोन्ही कागद नीट वाचले आणि विचारलं, "यावर सासऱ्यांचं नाव आहे, सही तुम्ही कशी करणार?" मी कुलमुखत्यारपत्र काढून दाखवलं. घर तिला द्यायचं हे ठरलेलंच होतं, पण त्या प्रश्नानं बरं वाटलं.

त्या मुली गेल्या वर्षी गेल्या. मोठीचं लग्न ठरलं, धाकटीला दुसऱ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. महिन्याभरात मला बाणेरहून एका गृहस्थांचा फोन आला. धाकटी त्यांच्याकडे घर बघत होती. मला इतका आनंद झाला की मी खुर्ची ओढून घेतली. म्हटलं, विचारा.

"मॅडम, एकटी मुलगी आहे, म्हणजे तसं काही...?"

"भाडं पाच तारखेच्या आत यायचं. एकदा बारा तारखेला आलं, तेव्हा दोन तारखेलाच फोन करून सांगितलं होतं. एक महिन्याची नोटीस लेखी दिली. डिपॉझिटमधून मी काही कापलं नाही."

"ते ठीक आहे हो," ते म्हणाले. "पण नॉनव्हेज करायच्या का?"