दोन याद्यांमधली मोकळी जागा

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागात, गेयरे गावालगत अफ्रोडिसियास या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. अफ्रोडाइटी देवीचं हे शहर संगमरवरी शिल्पांसाठी रोमन जगात नावाजलेलं होतं. १९७६ साली तिथे वस्तुसंग्रहालयाचं बांधकाम सुरू असताना जमिनीतून एक संगमरवरी खांब वर आला. उंची जवळजवळ तीन मीटर आणि दोन बाजूंवर ग्रीक लिपीत नावंच नावं. आपल्याकडे देवळाच्या भिंतीत देणगीदारांच्या पाट्या बसवतात, तसलाच प्रकार. नवल पुढेच आहे. ही यादी ज्यू समाजाची, आणि तिच्यातली निम्म्याच्या आसपास माणसं ज्यू नाहीत!

एका बाजूवर आधी सुमारे ५५ ज्यूंची नावं येतात. मग थोडी जागा कोरी सोडलेली आहे. त्याखाली नवा मथळा, ही मंडळी ‘देवभीरू’ असल्याचं सांगणारा, आणि पुढे आणखी ५२ नावं. त्यांतले पहिले नऊ जण चक्क नगरसभेचे सदस्य! त्यांच्या मागोमाग सुतार, चित्रकार, चामड्याचं काम करणारा, एक खेळाडू अशी बाजारपेठेत भेटणारी माणसं.

देवभीरू म्हणजे ज्यूंच्या एका देवाकडे ओढली गेलेली, पण ज्यू न झालेली माणसं. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, जायचं, ग्रीक भाषेतून शास्त्रवाचन ऐकायचं, जमेल तसा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळायचा, धर्मकार्याला पैसे द्यायचे. ज्यू होण्यात पुरुषांना खरी अडचण सुंतेची होती. त्यात नगरसभेच्या सदस्याला शहराच्या दैवतांचे उत्सव टाळणं अवघड. खांबाचा काळ आधी इसवी सन २००च्या आसपासचा मानला गेला. आता बरेच अभ्यासक तो चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत पुढे आणतात. तेव्हा गादीवर ख्रिस्ती सम्राट होते आणि ज्यू धर्म स्वीकारणं कायद्याने गुन्हा ठरलं होतं. काळ कोणताही धरा, या नऊ जणांनी आपलं नाव चारचौघांत, दगडात कोरू दिलं.

दुसऱ्या बाजूवर अभ्यास आणि प्रार्थनेसाठी जमणाऱ्या एका मंडळाची नावं आहेत. लोकांची हलाखी दूर व्हावी म्हणून या मंडळाने पदरमोड करून काहीतरी उभारलं. काही अभ्यासकांच्या मते ते गरिबांसाठीचं अन्नछत्र होतं. मंडळात जन्माने ज्यू आहेत, धर्म बदलून ज्यू झालेले तिघे आहेत आणि दोन देवभीरूही आहेत. कोण कोणत्या पायरीवर उभा आहे ते नावापुढे कोरलंय, पण काम सगळ्यांचं एकच.

बायबलच्या नव्या करारात देवभीरू माणसांचे उल्लेख होतेच. तरीही १९८१ साली ए. टी. क्राबेल या अभ्यासकाने देवभीरूंचा असा वर्ग खरोखर होता का, अशी शंका जोरात मांडली. १९८७ मध्ये जॉयस रेनॉल्ड्स आणि रॉबर्ट टॅननबाउम यांनी या खांबाचा लेख सविस्तर प्रसिद्ध केला, तेव्हा त्या शंकेचा जोर बराच ओसरला.

या खांबाच्याही आधी, पहिल्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्याच अक्मोनिया गावी ज्यूंना सिनेगॉगची वास्तू बांधून दिली ती जुलिया सेवेरा या बाईंनी. आणि या बाई कोण? सम्राटपूजेच्या मुख्य पुजारीण! पुढे त्या वास्तूचा जीर्णोद्धार करणाऱ्यांनी आपल्या शिलालेखात त्यांचं नाव आवर्जून घेतलं.

याच्या अगदी उलट जेरुसलेमचं मंदिर. तिथे अंगणातल्या एका कठड्यापलीकडे परक्याने पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर आपल्या मरणाला तोच जबाबदार, अशी ताकीद ग्रीक भाषेत कोरलेली होती. तो दगड १८७१ मध्ये सापडला आणि आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. मंदिर सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं. दूरदूरच्या शहरांतल्या सिनेगॉगना मात्र शेजाऱ्यांसोबत दिवस काढायचे होते. त्यांनी रेघ राखली, पण तिच्या दोन्ही बाजूंना माणसं बसवली.

ती रेघ नेमकी कुठे ओढायची, हा वाद आजही चालू आहे. अमेरिकेत आंतरधर्मीय लग्नं वाढली तशी ज्यू नसलेले जोडीदार सिनेगॉगच्या रोजच्या व्यवहारात आले. १९७८ मध्ये ज्यूंच्या सुधारणावादी रिफॉर्म पंथाचे नेते अलेक्झांडर शिंडलर यांनी अशा कुटुंबांना जवळ करण्याची हाक दिली. त्यांच्याहून परंपरानिष्ठ असलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या सिनेगॉग-संघटनेने २०१७ साली ठराव केला, की ज्यू नसलेल्यांना सभासद करायचं की नाही ते ज्या त्या सिनेगॉगने ठरवावं.

प्रश्न सुटतो तो एकेका कामापुरता. मुलांना हिब्रू शाळेत पोचवणं, सणाची पंगत वाढणं, वर्गणी देणं याला सहसा कुणाची हरकत नसते. सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत मात्र ज्यू नसलेल्याची गणती सहसा होत नाही. तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाआधीच्या पारंपरिक आशीर्वादात देवाने आपल्याला सर्व लोकांतून निवडल्याचं म्हटलं जातं. लेक वयात येताना पहिल्यांदा तोरा वाचते, तेव्हा ते शब्द ज्यू नसलेल्या आईने कसे उच्चारायचे? म्हणून कुठे ती लेकीशेजारी नुसती उभी राहते, कुठे तिच्यासाठी वेगळी प्रार्थना असते. काही रिफॉर्म सिनेगॉगमध्ये तोराची गुंडाळी आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे देताना तिचेही हात पुढे येतात.

अनेकांना ही आधुनिक काळाची तडजोड वाटते. अफ्रोडिसियासच्या ज्यूंना तसं वाटलं नसतं. माणूस पूर्ण आपला झाला नाही, तरी आपल्या कामात त्याचा वाटा असू शकतो, आणि तो वाटा नावानिशी नोंदवायचा असतो, हे त्यांनी दीड हजार वर्षांहून आधी ठरवून टाकलं होतं.