ट्रक कॅम्परची पायरी: लेबलवरचा आकडा आणि पायाखालची वस्तुस्थिती

पिकअप ट्रकच्या हौद्यात अख्खं घर बसवायचं, त्यात शेगडी, फ्रिज, पलंग आणि जमलंच तर संडास-बाथरूमही कोंबायचं आणि वाट फुटेल तिकडे निघायचं, हा अमेरिका-कॅनडातला जुना शौक. १९६० साली जॉन स्टाइनबेक चार्ली नावाच्या आपल्या पूडल कुत्र्याला घेऊन अशाच गाडीतून देशभर हिंडले. डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्यांनी गाडीचं नाव ‘रोसिनान्ते’ ठेवलं होतं. ती आज कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी, नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये पाहायला मिळते.

तेव्हापासून आतल्या सोयी कुठच्या कुठे गेल्या, पण एक अडचण आहे तिथेच आहे. घर ट्रकच्या पाठीवर बसलेलं, म्हणून दार जमिनीपासून तीन-साडेतीन फूट वर, कधी त्याहूनही उंच. तिथवर पोचायचं ते मागच्या बंपरला टांगलेल्या चार-पाच पायऱ्यांवरून. या पायऱ्या बहुधा हार्मोनियमच्या भात्यासारख्या उघडतात आणि मिटतात. तिकडे त्यांना सिझर स्टेप म्हणतात. गाडी घेताना लोक बॅटरी केवढी, पाण्याची टाकी केवढी, सोलर किती वॉटचं, हे खोदून खोदून विचारतात. पायरीबद्दल प्रश्न एकच: वजन किती पेलते? गैरसमजांची सुरुवात इथूनच होते.

समजा लेबलवर लिहिलंय २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो. ऐंशी किलोच्या माणसाला वाटतं, चला, तेहतीस किलोची सूट आहे. पण लेबलवरचा आकडा सहसा स्थिर वजनाचा असतो आणि माणूस पायरीवर स्थिर उभा राहत नाही. जिना उतरताना खालच्या पायरीवर पाय टेकतो त्या क्षणी तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे दीडपट भार येतो. उडी मारली तर तो आणखी वाढतो. ऐंशी किलोचा माणूस पंधरा किलोचा आइसबॉक्स घेऊन उतरला, तर पंच्याण्णवचे एकशे बेचाळीस होतात. पायरी तेवढ्याने लगेच मोडत नाही, कारण उत्पादकाने त्यात राखीव ताकद ठेवलेली असते. पण ती राखीव ताकद धातूच्या म्हातारपणासाठी असते, आपल्या आइसबॉक्ससाठी नव्हे. अमेरिकेत हातात उचलून न्यायच्या शिड्यांचे २००, २२५, २५०, ३०० आणि ३७५ पौंड असे वर्ग ठरलेले आहेत. त्यांतल्या आकड्यात माणूस, त्याचे कपडे, बूट, हत्यारं आणि हातातलं सामान असं सगळं मिळून धरलेलं असतं. कॅम्परच्या पायरीवरचा आकडाही तसाच वाचावा.

शिवाय हा आकडा पायरीचा असतो, पायरी ज्याला लटकते त्याचा नव्हे. बंपरपासून दोन फूट बाहेर आलेल्या पायरीवर माणूस उभा राहिला की त्याचं वजन वरच्या बोल्टांना तरफेसारखं उपटू पाहतं. ऐंशी किलो आणि साठ सेंटिमीटर असा तो पीळ असतो. तो आधी बोल्टवर येतो, बोल्टवरून बंपरवर आणि बंपरवरून कॅम्परच्या मागच्या सांगाड्यावर. बऱ्याच कॅम्परचा सांगाडा आजही लाकडी असतो. छताच्या किंवा मागच्या दिव्याच्या सांध्यातून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की लाकूड आतून कुजतं आणि बाहेरचा चकचकीत पत्रा काही बोलत नाही. पायरी नवी, दणकट, महागडी असते. तिचे स्क्रू ज्यात गेलेत ते मात्र ओल्या बिस्किटासारखं भुसभुशीत. पायरीवर उभं राहिल्यावर वरचा जोड हलताना दिसला, बंपर खाली झुकला किंवा बोल्टभोवतीचं सीलंट फाटलेलं दिसलं, तर नवी पायरी विकत घेण्याआधी तो भाग उघडून पाहायला हवा.

‘अॅल्युमिनियमला गंज चढत नाही’ हे दुसरं लाडकं वाक्य. लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, एवढं खरं. पण अॅल्युमिनियमच्या पायरीला पोलादी बोल्ट असतो आणि त्या जोडात खारं पाणी शिरलं की दोन धातूंची छोटीशी बॅटरीच तयार होते. तीत झिजतं ते अॅल्युमिनियम. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि मागच्या चाकांनी उडवलेलं ते पाणी थेट पायरीवर येतं. बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसली, तर ती धूळ समजून पुसून टाकू नये. ती झीज सुरू झाल्याची खूण आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पोलादाला एका मर्यादेच्या आत कितीही वेळा वाकवलं तरी ते थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. छोटा ताणसुद्धा पुरेशा वेळा दिला की कधीतरी बारीक तडा जातोच. या थकव्याचा धडा जगाने फार मोठी किंमत मोजून घेतला: १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन जेट विमानं भूमध्य समुद्रावर फुटली, तेव्हा तपासात धातूचा थकवाच पुढे आला. पायरीचा आणि विमानाचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध धातूचा आहे. पायरीवर माणूस दिवसातून दहा-वीस वेळा चढतो, पण मिटलेली पायरी रस्त्यावर दिवसभर थरथरत असते. अलास्कात डाल्टन हायवे ६६६ किलोमीटरचा आहे आणि त्याचा बराचसा भाग खडीचा. युकॉनमधला डेम्पस्टर हायवेही तसाच. तिथल्या लाटा पडलेल्या खडीवरून दोन दिवस गेल्यावर नट ढिले होतात आणि पिनेची गोल भोकं हळूहळू लांबट होत जातात. अशी सफर झाली की पायरी उघडून प्रत्येक पायरी बाजूने हलवून पाहावी, वेल्डिंगच्या कडेला बोट फिरवावं आणि माती धुऊन काढावी. सांध्यांना तेल लावायची हौस आवरावी. तेलावर धूळ बसते आणि तिची कानस होते. कोरडं सिलिकॉनचं वंगण बरं.

एवढं सगळं खरं असलं, तरी पायरी मोडण्याची भीती माणसं नको तेवढी बाळगतात आणि घसरण्याची हवी तेवढी बाळगत नाहीत. अमेरिकेत पासष्टीपुढच्या लोकांच्या दुखापतींचं आणि दुखापतींमुळे होणाऱ्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण पडणं हेच आहे. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या मते, या वयातल्या दर चारांत एकाहून जास्त माणसं वर्षातून एकदा तरी पडतात. निवृत्तीनंतर कॅम्पर घेणारे त्याच वयाचे असतात. त्यात सकाळचं दव, चिखलाचे बूट, अंधार आणि अर्धवट झोप.

घसरण्याचं एक कारण मात्र पायरीच्या चकचकीतपणात नसून गणितात आहे. कॅम्परचा तळ जमिनीपासून ४२ इंच आणि पायऱ्या चार असल्या, तर चढायचे टप्पे पाच होतात, प्रत्येकी साधारण साडेआठ इंचांचे. आता गाडी किंचित उतारावर उभी केली आणि मागची जमीन सहा इंच खाली गेली. टांगलेल्या पायऱ्या आहेत तशाच राहतात. वरचे चार टप्पे साडेआठ इंचांचे आणि शेवटचा एकदम साडेचौदा! अमेरिकेतल्या घरांच्या बांधकाम-नियमात एका जिन्यातल्या पायऱ्यांच्या उंचीत ३/८ इंच, म्हणजे जेमतेम साडेनऊ मिलिमीटर एवढाच फरक चालतो, कारण पाय दोन-तीन पायऱ्यांत अंतर पाठ करतो आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही. इथे तर फरक सहा इंचांचा, तोही सगळ्यांत खालच्या पायरीवर आणि बहुधा अंधारात. पायरीखाली दगड किंवा प्लास्टिकचं स्टूल सरकवणं हा त्यावरचा लोकप्रिय उपाय. तो सगळ्यांत वाईट उपाय, कारण हलणाऱ्या पायरीखाली आणखी एक हलणारी वस्तू येते. गाडी दहा फूट पुढेमागे करून सपाट जागा शोधणं जास्त सोपं.

अलीकडच्या पायऱ्यांना जमिनीवर टेकणारे, लांबी जुळवता येणारे पाय असतात. त्यांनी डुगडुग खूप कमी होते आणि वरच्या बोल्टांवरचा पीळही हलका होतो. पण ‘पाय टेकले की काळजी मिटली’ हे काही खरं नाही. वाळूत किंवा ओल्या गवतात ते रुततात. उलट घट्ट जमिनीवर पाय टेकवले आणि मग चार माणसं आत जाऊन बसली, की ट्रकच्या पाट्याच्या स्प्रिंगा खाली बसतात आणि गाडीचा भार पायरीच्या पायांवर येतो. ते अशा भारासाठी बनवलेले नसतात. म्हणून सगळे आत गेल्यावर एकदा खाली उतरून पायांची लांबी पुन्हा पाहून घ्यायची. आणि निघताना पायरी मिटून तिची कडी लागली का तेही. उघड्या पायरीनिशी गाडी रस्त्याला लागण्याचे प्रसंग ऐकायला विनोदी वाटतात, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला नव्हे.

दाराचा घोळ फार कमी लोकांच्या लक्षात येतो. मागचं दार बहुधा बाहेर उघडतं. माणूस सगळ्यांत वरच्या, वीतभर रुंद पायरीवर उभा, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने तो कडी ओढतो आणि दार त्याच्याच अंगावर येतं. मग दाराला वाट द्यायला तो एक पाऊल मागे टाकतो, जिथे पाऊल ठेवायला जागाच नसते. जमिनीवर किंवा पहिल्या पायरीवर उभं राहून दार आधी उघडावं, ते मागे अडकवून ठेवावं आणि मग चढावं. काही मॉडेलांत दारासमोर छोटा सपाट ओटा देतात. तो चैनीच्या वस्तूंच्या यादीत छापलेला असला, तरी पैसे खर्च करायचेच असतील तर आधी तिथे करावेत.

कठडा पकडायला वृद्धांनाच लागतो, हाही समज तसाच. इंजिनाच्या वर उंच केबिन असलेल्या मालट्रकांसाठी अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत १ सप्टेंबर १९८२ पासून बनलेल्या गाड्यांना तरतूद आहे: चढता-उतरताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी निदान तीन कायम गाडीला टेकलेले राहतील अशी पायऱ्या-मुठींची रचना हवी. मुठीने २५० पौंडांचा आणि पायरीने ४५० पौंडांचा स्थिर भार सोसायला हवा. हा नियम कॅम्परला लागू नाही. पण रोज वीस वेळा केबिनमधून उतरणाऱ्या, हातापायांनी तरबेज ड्रायव्हरांना जे लागतं, ते सुट्टीवर आलेल्या कुटुंबाला लागणार नाही, असं कसं म्हणता येईल? कामाच्या जागच्या शिड्यांविषयीचे नियमही हेच सांगतात: तोंड शिडीकडे, एक हात तरी पकडलेला आणि तोल जाईल असं ओझं हातात नाही. कॅम्परच्या पायरीवर तोंड पुढे करून उतरताना टाच पायरीवर मावत नसेल, तर ती पायरी जिना नव्हे, शिडी समजावी आणि गाडीकडे तोंड करून उतरावं. सामान दुसऱ्याने खालून घ्यावं.

छतावर जायची मागची शिडी वेगळीच. ती सोलर पॅनल पुसायला किंवा सीलंट तपासायला एका माणसाने सावकाश चढायची असते. तिला दोन सायकली लटकवून खडीच्या रस्त्यावर हजार मैल नेलं, की तिचे स्क्रू पातळ भिंतीतून सुटू लागतात आणि भोकांतून पाणी आत शिरतं. पुढे कुजण्याची गोष्ट वर आलीच आहे.

आपोआप बाहेर येणारी विजेची पायरी मोटरहोममध्ये जास्त दिसते. दार उघडलं की ती सरकून येते, बंद केलं की आत जाते, म्हणून चार दिवसांत पाय तिला सरावतो. मग एके सकाळी बॅटरी उतरलेली असते किंवा पायरीचं बटण कुणीतरी बंद केलेलं असतं आणि पाय हवेत पडतो. उतरण्याआधी खाली पाहण्याला कुठलाही सेन्सर पर्याय नाही.

यातलं सगळं आपल्याला कशाला, असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटू शकेल. पण उन्हाळ्यात मुलांकडे गेलेल्या आई-बाबांना घेऊन यलोस्टोनला किंवा कॅनडाच्या रॉकीजमध्ये भाड्याच्या कॅम्परने जाणारी मराठी कुटुंबं आता नवलाईची राहिलेली नाहीत. साडीचा काठ जाळीदार पायरीच्या दातात अडकतो, सपातांची गुळगुळीत टाच दवावर टिकत नाही आणि गुडघ्यांना साडेआठ इंच रोज नको असतात. गाडी ताब्यात घेताना कर्मचाऱ्याला पायरी स्वतः उघडून, मिटून, कडी लावून दाखवायला सांगा. वजनाच्या लेबलचा फोटो काढा. मग आईला सगळ्यांसमोर एकदा चढू-उतरू द्या. तिचा हात पकडायला कठडा शोधत हवेत फिरला, तर कठडा असलेली किंवा खालच्या दाराची दुसरी गाडी तिथेच मागा.