रसायनीचं रॉकेट

पनवेल-रोहा मार्गावर सोमाटणे सुटलं की रसायनी येतं. मग आपटा, जिते, हमरापूर, पेण, आणि पुढे कासू-नागोठणे करत गाडी रोह्याला टेकते. यांतलं आपटा सिनेमावाल्यांनी प्रसिद्ध केलं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवटचा प्रसंग तिथल्या फलाटावरचा. रसायनीला तसली कीर्ती लाभली नाही. खरं तर इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात जी दोन द्रवं जळतात, त्यांतलं वजनाने भारी असलेलं द्रव याच गावातल्या कारखान्याचं. लोक त्या कारखान्याला नुसतं ‘एचओसी’ म्हणत. पूर्ण नाव हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स.

चुलीतलं लाकूड हवेतल्या ऑक्सिजनवर जळतं. वर अंतराळात ती सोय नाही, म्हणून रॉकेटला इंधनाबरोबर ऑक्सिजनचाही साठा उचलून न्यावा लागतो. पीएसएलव्हीच्या त्या टप्प्यातल्या ‘विकास’ इंजिनात हे काम डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड करतं. जाणकारांच्या बोलण्यात ते ‘एन-टू-ओ-फोर’. टाक्यांत भरलेल्या एकूण वजनात साठ टक्क्यांहून जास्त वाटा त्याचाच. उरलेलं इंधन हायड्रॅझिनच्या कुळातलं. त्याचाही इतिहास गमतीचा आहे: ते बनवणारी अग्रगण्य कंपनी म्हणजे आंध्रात तणुकू इथे साखर कारखाना चालवणारी आंध्र शुगर्स. म्हणजे एक द्रव साखरेच्या गावातून, दुसरं रसायनीच्या पाताळगंगेकाठून. दोन्ही इंजिनात भेटली की ठिणगीशिवायच पेट घेतात. प्रज्वलनाची वेगळी यंत्रणा लागत नाही, बिघडायला एक भाग कमी. अभियंत्यांचा या जोडीवर एवढा जीव आहे तो म्हणूनच.

एन-टू-ओ-फोर बनतं ते असं: अमोनिया प्लॅटिनमच्या तापलेल्या जाळीवरून हवेसोबत नेला की नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. त्यांतून पाणी काढून, थंड करून, दाबाखाली द्रव मिळवायचं. एचओसीला नायट्रिक आम्ल लागेच, कारण नायट्रोबेंझिन आणि ॲनिलिन हा तिचा मुख्य धंदा होता. रॉकेटचं द्रव त्याच रसायनशास्त्राची एक फांदी. पण फांदी विषारी. 21 अंश सेल्सिअसला हे द्रव उकळू लागतं. कोकणातल्या बहुतेक दुपारी त्याला दाबाच्या टाकीत कोंडूनच ठेवावं लागतं. सांडलं तर तांबूस-तपकिरी वाफ उठते. ती फुप्फुसात गेली तर त्रास लगेच जाणवेलच असं नाही, काही तासांनी छातीत पाणी भरू शकतं. जुलै 1975 मध्ये अपोलो-सोयुझ मोहिमेवरून परतताना हीच वाफ अमेरिकी यानात शिरली. व्हान्स ब्रँड काही क्षण बेशुद्ध पडले आणि तिन्ही अंतराळवीरांना होनोलुलूच्या इस्पितळात ठेवावं लागलं.

‘विकास’ मूळचं फ्रेंच ‘वायकिंग’ इंजिनाचं भावंड. 1974 च्या करारानुसार इस्रोने पैशाऐवजी आपले अभियंते फ्रान्सच्या कामाला दिले आणि तंत्र शिकून घेतलं. नंबी नारायणन यांच्या गटाने भारतात बनवलेलं इंजिन 1985 मध्ये फ्रान्समधल्या व्हेर्नॉन इथे चाचणीत पेटवलं. पुढे चाचण्या तमिळनाडूत महेंद्रगिरीला होऊ लागल्या. मुंबईत विक्रोळीला गोदरेजने हे इंजिन बनवलं. म्हणजे पत्ता लावायचा तर इंजिन विक्रोळीचं, ऑक्सिजन पुरवणारं द्रव रसायनीचं. तरी टीव्हीवर दिसतं ते श्रीहरिकोटा, आणि ते रसायनीच्या रायगड जिल्ह्यापासून रस्त्याने हजार किलोमीटरहून लांब. या भूगोलाची आपल्याला फारशी खबर नसते, असं माझं निरीक्षण आहे. रायगडाच्या रासायनिक पट्ट्याबद्दल बोलणं निघालं की ते वासावर आणि नदीच्या पाण्यावर येऊन थांबतं. तेही चुकीचं नाही. पण अर्धंच.

एचओसीची स्थापना डिसेंबर 1960 मधली. सार्वजनिक क्षेत्राच्या भरभराटीत ती वाढली आणि आयात मालाच्या स्पर्धेत खचली. पगार थकले. मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतले तोट्यातले सगळे विभाग बंद करायचं ठरवलं. अपवाद एकच: एन-टू-ओ-फोरचा प्लँट. तो सुमारे 20 एकर जमीन आणि तिथल्या माणसांसह ‘जसा आहे तसा’ इस्रोकडे सोपवायचा. कारण देशात हे द्रव मिळण्याचं ते एकमेव ठिकाण होतं. 442 एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकून 618 कोटींहून जास्त रक्कम उभी करायची होती.

ताळेबंदात तोटा दाखवणाऱ्या कंपनीच्या पोटात, जिच्यावाचून देशाचं रॉकेट उडणार नाही अशी एक वस्तू इतकी वर्षं होती. तोट्याचा आकडा काढताना तिची किंमत कुठल्या रकान्यात मांडायची? माझ्या मते हा प्रश्न 2017 च्या खूप आधी विचारायला हवा होता. एकाच जागेवर अवलंबून राहणं हा धोका फार काळ चालवून घेतला गेला.

14 जुलै 2023 च्या दुपारी 2 वाजून 35 मिनिटांनी चांद्रयान-3 घेऊन एलव्हीएम-3 रॉकेट उडालं. त्याच्या मधल्या टप्प्यात दोन ‘विकास’ इंजिनं होती आणि 110 टनांहून अधिक द्रव. आता त्या टप्प्याच्या जागी केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं अर्धक्रायोजेनिक इंजिन आणायची तयारी चालू आहे. त्याच्या मुख्य भागाची पहिली तप्त चाचणी 28 मार्च 2025 ला महेंद्रगिरीला झाली. केरोसीनला एवढी दहशत नाही, आणि द्रव ऑक्सिजन हवेतूनच काढता येतो. एलव्हीएम-3 चा मधला टप्पा तसा बदलला, तरी पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्याला मात्र अजून तेच तांबूस द्रव लागतं.