गिऱ्हाईक उद्धट असले तर? दुकानाची गादी आणि जहाजाची नोकरी

अलीकडे अमरावती आणि अकोल्याच्या मोहल्ल्यांतून एक नवीनच चौकशी कानावर येऊ लागली आहे. मुलाने हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केला आहे, मुंबईचा एजंट क्रूझ जहाजावर नोकरी देतो म्हणतो, पाठवावे काय? आम्ही वऱ्हाडातील माणसे. आमच्या वडीलधाऱ्यांनी समुद्र पाहिला तो हजच्या निमित्ताने. मुंबईहून जिद्दाहला जाणारे हजचे जहाज १९९५ साली बंद झाले आणि तोही संबंध संपला. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम बांधवांचे तसे नाही. त्यांच्याकडे जहाजाची नोकरी पिढ्यानपिढ्या आहे, अडचण आली तर विचारायला घरातच चाचा-मामू असतात. आमच्याकडे विचारायचे कोणाला? म्हणून लोक बाजारातल्या व्यापाऱ्याला विचारतात.

आणि विचारतात काय, तर वादळ येते काय, उलट्या होतात काय, पगार डॉलरमध्ये मिळतो काय. प्रवासी कसे असतात हे मात्र कोणी विचारीत नाही. परत आलेल्या मुलांशी बोलावे तर ती वादळाविषयी दोन वाक्ये सांगतात आणि प्रवाशांविषयी दोन तास. समुद्राची सवय आठवड्यात होते म्हणे. उद्धट माणसाची सवय होत नाही, ती शिकावी लागते. या विषयात मात्र आम्हा कापडवाल्यांचा तजरबा जुना आहे, म्हणून दोन शब्द लिहीत आहोत.

प्रथम जहाजाची गोष्ट. मोठ्या जहाजावर दोन-तीन हजार प्रवासी असतात. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या काळात आपल्याकडच्यासारखी आठवड्याची सुट्टी बहुधा नसते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २००६ सालचा आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात विश्रांतीचा नियम आहे. २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, किंवा काम २४ तासांत १४ आणि ७ दिवसांत ७२ तासांपेक्षा जास्त होता कामा नये. नियम असा असला तरी चौदा तास उभे राहिलेल्या माणसाला कोणी चुटकी वाजवून बोलावले तर काय होते, ते ईदच्या आदल्या रात्री दुकानात काम केलेल्या कोणालाही कळेल.

फरक एवढाच की आमचे गिऱ्हाईक पायरी उतरले की संपले. जहाजावरचा प्रवासी सकाळी चहाच्या वेळी शिवी देतो आणि रात्री जेवायला त्याच टेबलावर येऊन बसतो, सात दिवस, दहा दिवस. त्यातून अनेक कंपन्यांत नोकराची बक्षिसी प्रवाशाच्या बिलात रोजच्या हिशेबाने लावलेली असते आणि काही जहाजांवर प्रवाशाने कचेरीत सांगितले तर ती कमी होते. सफर संपल्यावर प्रवासी नोकरांविषयी शेराही लिहून देतो. म्हणजे तोंड त्याचे, कलम त्याचे आणि खिसाही त्याचाच.

अकोल्याच्या आमच्या एका व्यापारी मित्राचा भाचा एका जहाजावर प्रवाशांच्या खोल्या लावण्याच्या कामावर होता. त्याने सांगितलेली गोष्ट अशी. एके दिवशी वारा फार म्हणून कप्तानाने ठरलेल्या बंदराला जहाज लावले नाही. वाऱ्यावर कोणाचे चालते? पण प्रवाशांनी दिवसभर नोकरांना धारेवर धरले. एक वृद्ध गृहस्थ तर या मुलावर टॉवेलवरून ओरडले, टॉवेल होते तिथेच होते. मुलगा म्हणाला, "चाचा, आम्हाला शिकवलेच होते की मधे बोलायचे नाही. पूर्ण ऐकायचे. मग 'नाही' असे न म्हणता काय होऊ शकते ते सांगायचे आणि किती वेळात ते सांगायचे. आणि त्या वेळेला परत जायचेच, काम झाले नसेल तरी." दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांच्या पत्नीने सांगितले की त्या बंदरात त्यांचा भाऊ भेटायला येणार होता, अनेक वर्षांनी.

हे ऐकून आम्हाला आमचा लग्नसराईचा बाजार आठवला. बस्ता बांधायला दहा माणसे येतात, शंभर साड्यांच्या घड्या मोडतात आणि त्यातला एक म्हणतो, "काहो भाऊ, लुटाले बसले काय?" नवा सेल्समन लगेच बिलबुक दाखवायला धावतो. जुना सेल्समन पाणी मागवतो. त्याला ठाऊक असते की हा माणूस बाजार समितीतून आला आहे, कापसाला किंवा सोयाबीनला मनासारखा भाव मिळालेला नाही, घरी मुलीचे लग्न आहे आणि आडत्यावर काढता न आलेला राग तो आपल्यावर काढतो आहे. त्या रागाचा पत्ता दुसरा असतो. पाणी पिऊन, मुलीचे नाव-गाव विचारून झाले की तोच माणूस आवाज खाली आणतो आणि बहुधा बस्ताही इथेच बांधतो. वऱ्हाडी माणूस बोलायला रांगडा, पण मनात ठेवणारा नाही, हे बाहेरच्या व्यापाऱ्याला कळायला वेळ लागतो.

काही राग मात्र खरे असतात. रंग गेला, साडीत काट कमी निघाला, परकराचे कापड आखूड भरले. अशा वेळी "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीकडे बोट दाखवणे म्हणजे गिऱ्हाईकाला उद्धट व्हायला स्वतः भाग पाडणे होय. आपल्या फिकहमध्ये यासाठी 'इकाला' नावाचा बाबच आहे. सौदा केल्यावर पस्तावलेल्या माणसाचा सौदा जो परत घेतो, त्याच्या चुका अल्लाह माफ करील, असा अर्थ असलेली हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. आमच्या बाजारात किती दुकानदार तिच्यावर अमल करतात, हे वाचकबंधूंनी आपापल्या गल्ल्यावर बसून पाहावे.

तिसरा प्रकार सवयीच्या उद्धटांचा. नोकराला 'ए' म्हणायचे, चपलेने माल दाखवायचा, पैसे फेकायचे. यांच्यामागे कसले दुखणे नसते, लहानपणापासून कोणी टोकलेले नसते इतकेच. येथे पाणी वगैरे उपयोगाचे नाही. येथे मालकाने उठून यावे लागते, आणि आमची खरी तक्रार येथेच आहे. गिऱ्हाईक मुलावर ओरडले की आमचे बरेच सेठ गादीवरूनच मुलावर दुप्पट ओरडतात. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून! ज्या मुलाने सकाळपासून चारशे घड्या घातल्या, त्याचा पाणउतारा दोघांकडून. तो मुलगा संध्याकाळी गल्ल्याशी इमानदार राहावा ही अपेक्षा मात्र कायम असते. हजरत अनस (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची दहा वर्षे सेवा केली आणि त्या दहा वर्षांत त्यांना एकदाही 'उफ्' ऐकावे लागले नाही. ही हदीस आम्ही जलशांत ऐकतो, डोळे पुसतो आणि दुकान उघडल्यावर विसरतो.

गिऱ्हाईकाला उलट बोला असे आमचे म्हणणे नाही. "भाईसाहेब, हा माझा माणूस आहे, काय असेल ते मला सांगा," एवढेच वाक्य पुरते. ते हळू आवाजात आणि गिऱ्हाईकाच्या जवळ जाऊन म्हणावे. मुलाला दुसऱ्या काउंटरवर पाठवावे. यात गिऱ्हाईकाचा अपमान नाही आणि मुलाची इज्जतही राहते. अमरावतीच्या ठोक बाजारात आम्ही असे दोन-तीन व्यापारी पाहिले आहेत. त्यांच्याकडची माणसे वीस-वीस वर्षे टिकली आहेत.

जहाजावर मालक नसतो, सुपरवायझर असतो. पण एक गोष्ट तेथे आहे जी आमच्या बाजारात नाही. वर सांगितलेल्या करारानुसार जहाजावरच तक्रार करण्याची लेखी पद्धत असावी लागते, नोकराला सरळ कप्तानापर्यंत जाता येते आणि तक्रार केली म्हणून त्याला त्रास देण्यास मनाई आहे. मुलांनी याचा उपयोग केव्हा करावा? टॉवेलच्या रागासाठी नाही. परंतु प्रवासी दाढीवरून, नावावरून, मजहबवरून बोलला, अंगावर धावून आला किंवा कामावरच्या मुलीला हात लावला तर तो उद्धटपणा राहत नाही, गुन्हा होऊ शकतो. तेथे सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे. तेथल्या तेथे वाद घालू नये, त्या खोलीत एकट्याने पुन्हा जाऊ नये, वेळ व खोली क्रमांक लिहून ठेवावा आणि त्याच दिवशी वरिष्ठांना सांगावे. फार वात्रट प्रवाशाला पुढच्या बंदरात उतरवण्याचा अधिकार कप्तानाला असतो. कायदा साधारणपणे जहाजावर ज्या देशाचा झेंडा त्या देशाचा, आणि झेंडा बहुधा बहामा, पनामा, माल्टा असा दूरचा. म्हणून लिहून ठेवलेला कागद महत्त्वाचा.

ज्या नोकराला प्रवासी चुटकी वाजवून बोलावतो त्याच्याच हातात त्याचा जीवही असतो, हे प्रवासी विसरतात. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले. जहाजावर चार हजारांवर माणसे होती, ३२ दगावली. कप्तान प्रवाशांच्या आधी जहाज सोडून गेला, पुढे त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली. मुंबईकडचा वेटर रसेल रिबेलो मात्र प्रवाशांना मदत करताना दिसल्याचे वाचलेल्यांनी सांगितले. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडले.

असो. पाठवावे की नाही, हे घरच्यांनी ठरवावे. पण काम कोणते हे आधी विचारावे. जेवणघरातल्या वेटरला शराबही द्यावी लागते, तेव्हा आपल्या मुलांनी खोल्यांचे, लाँड्रीचे किंवा भांडारातले काम पाहणे बरे, आणि तेही करारात लिहून घ्यावे. सुरक्षेचे प्राथमिक प्रशिक्षण, ज्यात बुडण्यापासून बचाव, आग विझवणे आणि प्रथमोपचार येतात, ते घ्यावे लागते, त्याची फी वेगळी. पासपोर्ट, सीडीसी पुस्तिका आणि वैद्यकीय तपासणीचा खर्चही आपला. मात्र नोकरी लावून देण्याचे पैसे घेण्यास एजंटाला कायद्याने मनाई आहे. अमरावतीहून संध्याकाळच्या गाडीने मुंबईला नोटा घेऊन जाणाऱ्या बापांनी हे ध्यानात ठेवावे. एजंटाजवळ डीजी शिपिंगचा परवाना आहे काय, आणि त्याचा क्रमांक सरकारी यादीत आहे काय, हे सायबर कॅफेत बसूनही पाहता येते. कराराबरोबर तक्रार-पद्धतीची प्रत मिळायला हवी. मुलाने ती मागून घ्यावी आणि तिची एक झेरॉक्स घरी ठेवून जावे.