पॅकेजचे आकडे कसे वाचावेत

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना दोन कॉलेजांची तुलना बहुधा एकाच आकड्यावर होते, तो म्हणजे ‘पॅकेज’. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला त्या उमेदवारावर करावा लागणारा एकूण खर्च. तो पगार नव्हे. समजा, ४० लाखांच्या पॅकेजची फोड अशी आहे: ठरलेला वार्षिक पगार १८ लाख, जॉइनिंग बोनस ४ लाख, शेअर १६ लाखांचे आणि पीएफमधला कंपनीचा वाटा व ग्रॅच्युइटी मिळून २ लाख. बोनस एकदाच मिळतो. शेअर बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने नावावर होतात, तरी काही कंपन्या त्यांची सगळी किंमत पहिल्याच वर्षात धरतात. महिन्याला येणार दीड लाख, तेही कर आणि पीएफ कापण्याआधी.

सरासरी तर आणखी फसवी. दहापैकी नऊ जणांना ८ लाख आणि एकाला परदेशात १ कोटी मिळाले, तर सरासरी १७ लाख २० हजार निघते. एवढा पगार त्या दहांत कोणालाच नसतो. मध्यक, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र ८ लाखांवरच राहतो. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी संस्थांकडून मध्यक मागते, हे चांगलेच. पण तो चार वर्षांच्या साऱ्या पदवी शाखांचा एकत्रित असतो. सिव्हिल, मेकॅनिकल त्यातच. त्यामुळे कॉम्प्युटरच्या जागा जास्त असलेल्या संस्थेचा आकडा आपसूक वर जातो.

‘९५ टक्के प्लेसमेंट’ वाचताना हे टक्के कशाचे, ते आधी पाहावे. बऱ्याच ठिकाणी प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेल्या आणि बॅकलॉग नसलेल्या मुलांचाच हिशेब होतो. एकाच मुलाच्या दोन ऑफर दोनदा मोजल्या, तर आकडा आणखी देखणा दिसतो. अमेरिकेत सरकारी ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ करनोंदींवरून पदवीधरांची मिळकत शाखावार देते, म्हणजे कॉलेजच्या शब्दावर विसंबणे नाही. त्यात मोजतात मात्र केंद्राची आर्थिक मदत घेतलेल्यांनाच.

आकडे चोख असले तरी एक पेच उरतो. आयआयटी मुंबईच्या कॉम्प्युटर शाखेच्या जागा जेईई अॅडव्हान्स्डच्या अगदी वरच्या क्रमांकांतच संपतात. मग तिथल्या पगारात शिकवण्याचा वाटा किती आणि मुळातल्या निवडीचा किती? अमेरिकी अर्थतज्ज्ञ स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी २००२ च्या अभ्यासात सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळू शकलेल्या विद्यार्थ्यांची मिळकत ताडून पाहिली. त्यांतल्या ज्यांनी कमी चुरशीचे कॉलेज निवडले, तेही पुढे जवळपास तेवढेच कमावत होते. गरीब घरांतल्या मुलांना मात्र चुरशीच्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला.