शिंजिराचा हिवाळी वेष

परसातल्या जास्वंदीवर येणारा शिंजीर नोव्हेंबरात नीट पाहा. वरून मळकट तपकिरी, खालून पिवळसर, मादीच म्हणावी असा. पण हनुवटीपासून पोटाकडे मधोमध काळी रेघ उतरलेली दिसली, तर तो नर. मार्चच्या उन्हात निळा-जांभळा झळाळतो तो हाच. विणीचा हंगाम सरला की नर चकचकीत पिसं झाडून टाकतो आणि साधारण सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ साध्या वेषात काढतो. वेष पालटताना तो काही दिवस कबरा दिसतो, इथे जुनं पिवळं, तिथे नवं निळं. मला त्याचं हेच रूप सर्वांत आवडतं, कारण ऋतूचं काम तिथे डोळ्यांदेखत चाललेलं असतं.

ही झळाळी निळ्या रंगद्रव्याची नसते. पिसातल्या मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो, तेव्हा ती छटा उमटते. पक्ष्याने मान वळवली की तीच पिसं काळी दिसतात. त्यामुळे रूप पालटायचं तर पीसच नवं यावं लागतं. पिसं घडतात प्रथिनांपासून आणि ती फुलांतल्या मधात जवळजवळ नसतात. शिंजीर कोळी आणि किडे टिपतो ते म्हणूनच.

हंगाम जवळ आल्याचं पक्ष्यांना कळतं ते बरंचसं दिवसाच्या लांबीवरून. पुण्यात डिसेंबरातला दिवस सुमारे ११ तासांचा, जूनमधला सव्वातेरा तासांचा. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश पक्ष्यांच्या मेंदूतल्या खास पेशी टिपतात. दिवस मोठे होऊ लागले की संप्रेरकं स्रवतात आणि एरवी आक्रसून गेलेल्या जननग्रंथी पुन्हा वाढतात. आपल्याकडे पावसाचाही वाटा मोठा. सुगरणीचा नर खोपा विणायला घेतो तो पावसाळ्यात, लांब हिरवं गवत हाताशी आल्यावर.

आवाजाचंही तसंच. थंडीत कोकीळ कुठे गेला, असं लोक विचारतात. तो बहुधा जवळच्याच वड-उंबरावर फळं खात गप्प बसलेला असतो. दयाळही हिवाळ्यात फारसा गात नाही. उन्हाळ्याची चाहूल लागली की पहाटे अँटेनावर बसून शीळ घालू लागतो.

पाहुण्यांकडे आपलं लक्ष आपसूक जातं. सप्टेंबरच्या सुमारास करडा धोबी शेपटी हलवत अंगणात उतरतो. आंब्याच्या पानांआड हिरवट पर्ण वटवट्या दिसण्याआधी ऐकू येतो. हा जेमतेम आठ ग्रॅमचा जीव हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून आलेला असतो. अशा पाहुण्यांच्या आगमनाच्या तारखा नागरिकांनी नोंदवाव्यात म्हणून २००७ मध्ये ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम भारतात सुरू झाला. घरच्या पक्ष्यांच्या तारखा मात्र सहसा कुणी लिहून ठेवत नाही आणि मला त्या तितक्याच मोलाच्या वाटतात. दयाळाची पहिली शीळ, कोकिळाची पहिली हाक, शिंजिराचं पहिलं निळं पीस, एवढं तारखेसह वहीत उतरवावं. पुढची काही वर्षं त्याच अंगणातून नोंदी होत राहिल्या, तर ऋतू पुढे सरकतो आहे की मागे, हे आकड्यांत तपासता येईल.