चंद्रपूरची हरवलेली सावली आणि साइनची दोन उत्तरं

चंद्रपुरात दरवर्षी २० मेच्या आसपास भर दुपारी उभ्या काठीची सावली पायाशीच गडप होते. हा शून्य सावली दिवस! तो काढायला अकरावी-बारावीची त्रिकोणमिती पुरते.

साइन (गावाचा अक्षांश) = साइन (२३.४४°) × साइन (क्ष)

२३.४४° म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचा कल, आणि क्ष म्हणजे वसंतसंपातापासून, साधारण २१ मार्चपासून, सूर्याने कापलेला कोन. चंद्रपूरचा अक्षांश सुमारे १९.९५°. आकडे घातले की साइन क्ष येते ०.८५८, आणि कॅल्क्युलेटर ५९° सांगून मोकळा होतो. बरेच विद्यार्थी इथेच थांबतात! पण १८०° मधून ५९° वजा केले तरी साइन तीच राहते. म्हणून १२१° हेही उत्तर: २३ जुलैच्या आसपास. दोन्हींत ३६०° मिळवत गेलं की पुढची वर्षं येतात. व्यापक उकल ती हीच.

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंचा, १८.८५° वर. तिथे तारखा सरकतात: साधारण १५ मे आणि २८ जुलै. जुलैतली संधी बहुधा ढगच खातात, त्याला गणित काय करणार?

दिल्लीसाठी हेच मांडलं तर साइन क्ष १.२ येते. साइन १ च्या वर जात नाही, म्हणजे उकलच नाही. तिथे सूर्य कधीही थेट डोक्यावर येत नाही.